‘माया’ लिहू का ‘मैत्री’?

जळगाव :
ध्यानाच्या एका अ‍ॅपचा मराठी मजकूर तपासायला आलाय. त्यात ‘लव्हिंग-काइंडनेस’चं ‘प्रेमळ दयाळूपणा’ केलंय. वाचलं की पतपेढीचा वार्षिक अहवाल डोळ्यांपुढे येतो. मी ‘माया’ सुचवला: ‘सगळ्यांवर माया असू दे.’ पुण्याच्या संपादकबाई म्हणतात, माया म्हणजे भ्रम, वाचणारा गोंधळेल. आपल्याकडे खान्देशात ‘आजीनी मन्हावर भलती माया शे’ म्हटल्यावर कोणी शंकराचार्य काढून बसतं का?

अमळनेर :
मूळ शब्द पालीतला ‘मेत्ता’, म्हणजे संस्कृत ‘मैत्री’. ‘लव्हिंगकाइंडनेस’ हा बायबलमधला शब्द. भाषांतरकार कव्हरडेलने १५३५ च्या इंग्रजी बायबलात हिब्रू ‘हेसेद’साठी (देवाचं अढळ प्रेम) तो वापरला. पुढे पाली ग्रंथ इंग्रजीत जाताना ‘मेत्ता’लाही तोच अंगरखा चढवला. अमेरिकन ध्यानशिक्षिका शॅरॉन साल्झबर्ग १९७१ साली बोधगयेत गोएंकागुरुजींच्या विपश्यना शिबिराला बसल्या, १९९५ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेत शब्द रुळला. तुमचं अ‍ॅप म्हणजे त्याचंच नातवंड. एवढा वळसा कशाला? भुसावळहून मुंबईची गाडी धरली की वाटेत इगतपुरी लागतं. तिथे गुरुजींच्या केंद्रात शिबिराच्या दहाव्या दिवशी हीच साधना देतात, ‘मंगल मैत्री’ म्हणून. तयार शब्द आहे, उचला.

धुळे :
संपादकबाईंचं अगदीच चुकीचं नाही. पाश्चात्त्यांना ‘माया’ भेटली ती भ्रम म्हणूनच. शहाजहानचा मुलगा दारा शुकोह याच्या फारसी उपनिषदांचं आंक्तिल-द्युपेरों या फ्रेंच अभ्यासकानं लॅटिन केलं (१८०१-०२), ते शोपेनहाउअरच्या हाती पडलं आणि ‘मायेचा पडदा’ जर्मन तत्त्वज्ञानात जाऊन बसला. विवेकानंदांनी १८९६ मध्ये लंडनला मायेवर व्याख्यानं दिली, त्यांनाही ‘इल्यूजन’ या भाषांतराची कटकट होतीच. आणि ऋग्वेदात बघाल तर ‘इन्द्रो मायाभिः पुरुरूप ईयते’. तिथे माया म्हणजे नाना रूपं घेण्याची शक्ती. भ्रम हा अर्थ पक्का झाला तो नंतर.

शिरपूर :
तिसरी माया राहिली की भाऊ! शिलाईतली. पोरीच्या परकराला शिवणीत बोटभर माया सोडायची, अंग भरलं की उसवून वाढवता येतो. हल्लीच्या रेडिमेडमध्ये माया म्हणून नसते, धुतला की संपला. (चौथी कंत्राटदारांनी जमवलेली, तिच्यावर न बोललेलं बरं.)

चोपडा :
मला ‘माया’ नको वाटते, कारण वेगळं आहे. माया लागते, तुटत नाही, माणूस अडकतो. बौद्ध आचार्य बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मेत्तेचे दोन शत्रू सांगितलेत. दूरचा द्वेष, तो लांबूनच ओळखू येतो. जवळचा राग. राग म्हणजे संताप नव्हे, अनुराग, आसक्ती. तो मेत्तेसारखाच दिसतो म्हणून घात करतो. आपली ‘माया’ नेमकी त्या जवळच्या शत्रूच्या घरची.

अमळनेर :
ताई, पण मेत्तेवरच्या बुद्धवचनात, ‘मेत्तसुत्ता’त, दाखला कोणाचा आहे? एकुलत्या लेकराला जिवापाड जपणाऱ्या आईचाच ना? त्याला मायाच म्हणतात.

चोपडा :
दाखला आईचा, पण सांगणं पुढच्या ओळीत आहे: तसंच मन सगळ्या प्राणिमात्रांविषयी करा. आई शेजारणीच्या पोरासाठी तेवढा जीव टाकत नाही, काका. भांडण झालेलं असलं तर बघायलाच नको.

जळगाव :
यातूनच वाट निघतेय. अ‍ॅपमध्ये क्रम असा: आधी स्वतः, मग जिवलग, मग तोंडओळखीचा माणूस, शेवटी ज्याच्याशी पटत नाही तो. ‘वैऱ्यावर माया कर’ हे मराठी कानाला खोटं लागतं, ‘वैऱ्याशीही मैत्री’ चालतं. तेव्हा जिवलगांपर्यंत ‘माया’, तिथून पुढे ‘मैत्री’, आणि शीर्षक ‘मैत्रीध्यान’. संपादकबाईंना शोपेनहाउअरसकट कळवतो.

आता दुसरं. ‘मे यू बी हॅपी’चं अ‍ॅपच्या मजकुरात ‘आपण आनंदी असावेत’ केलंय. मी ‘सुखी राहा’ लिहिलं.

शिरपूर :
‘सुखी राहा’ आपण पाया पडणाऱ्याला म्हणतो. स्वतःला कसं म्हणणार? पहिल्या पायरीला ‘माझं भलं होवो’ करा, आणि तेच चारही ठिकाणी फिरवा. ‘त्याचं भलं होवो’ तर आपण चिडल्यावरही म्हणतोच.