अनुभव धागा : घराच्या खोल्या स्वतः रंगवताना

दसरा ते दिवाळी हा नागपुरात घर रंगवण्याचा काळ. पाऊस परतलेला असतो, भिंती वाळत आलेल्या असतात आणि नेमके तेव्हाच रंगारी मिळत नाहीत. गेल्या वर्षी दोघांनी ‘उद्या येतो’ म्हणून टाळल्यावर आम्ही नवराबायकोने मानेवाड्यातल्या घराच्या दोन खोल्या स्वतःच रंगवल्या. रंग द्यायला दोन दिवस लागले आणि त्याआधीच्या तयारीला तीन आठवडे, कारण खिडकीत कूलर बसवलेला होता. तीन महिने त्याचे पाणी पाझरून खिडकीखालची पुट्टी, म्हणजे भिंत गुळगुळीत करणारा लेप, भुसभुशीत झाली होती. घाई करून मी तिच्यावरच नवी पुट्टी फिरवली आणि आठवड्याभरात ती फुगून आली. मग सगळे पोपडे प्लास्टरपर्यंत खरवडले, भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसते का, ते पाहिले. दोनदा दिसले, तिसऱ्यांदा प्लास्टिक कोरडे निघाले, तेव्हाच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पाया-थर, लावला. आपण स्वतः रंगकाम केले असेल, तर काय चुकले, तेही मोकळेपणाने लिहावे.

त्रिमूर्तीनगरहून

मुलांच्या सुट्टीत काम उरकावे, म्हणून आम्ही मे महिना निवडला आणि पस्तावलो. बाहेर 45 अंश तापमान असताना इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, पसरण्याआधीच आटू लागते, त्यामुळे रोलरचा पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेत मिसळत नाही आणि जोड उमटतात. दिवसा काहीच जाणवले नाही. रात्री ट्यूबलाइट लावल्यावर भिंत पट्टेदार सतरंजीसारखी दिसली. दुसरा हात, म्हणजे रंगाचा दुसरा थर, आम्ही पहाटे पाचला सुरू केला. पंखा बंद ठेवला, एकाने ब्रशने कडा धरायच्या आणि दुसऱ्याने लगेच मागून रोलर फिरवायचा, असे ठरवले आणि एक भिंत पूर्ण झाल्याशिवाय चहालासुद्धा थांबलो नाही.

महालातून

आमचे घर जुने आहे आणि भिंतींवर चुन्याचे किती थर चढले असतील, याची गणती नाही. हात फिरवला की पांढरी भुकटी लागत होती, तरी ‘वरून प्रायमर आहेच’ अशी मी स्वतःची समजूत घातली. रंगाचा रोलर फिरवताच चुन्याचा पापुद्रा प्रायमरसकट सोलून रोलरला गुंडाळला गेला. शेवटी भिंत ओली करून पत्र्याच्या पट्टीने सगळा सुटा चुना उतरवावा लागला.

स्वयंपाकघरातल्या कमरेइतक्या तेलरंगाबद्दल मात्र मी सावध होतो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आमचा तेलरंग त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासला, तर उडणाऱ्या धुळीत शिसे असण्याची शक्यता होती आणि घरात दोन वर्षांची नात आहे. तिला आठ दिवस आजोळी पाठवले, वॉटर पेपर (ओला वापरता येणारा घासकागद) पाण्यात भिजवून घासकाम केले आणि फरशी झाडण्याऐवजी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. मला हे कंटाळवाणे काम रंगकामापेक्षा महत्त्वाचे वाटते.

प्रतापनगरहून

लिटरला दोन हातांत साधारण साठ चौरस फूट, असा हिशोब दुकानदाराने सांगितला होता. मी काटकसर केली आणि शेवटच्या भिंतीला रंग संपला. त्याच क्रमांकाचा नवा डबा मशीनवर मिसळून आणला, तरी छटा किंचित वेगळी आली. सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र करून घ्यावेत.

नंदनवनहून

मी एकसष्ट वर्षांची आहे, म्हणून छत रंगाऱ्याकडे दिले आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. भिंती मात्र मी आणि सुनेने मिळून केल्या. दाराच्या चौकटीभोवती मास्किंग टेप लावली आणि लग्नाच्या गडबडीत ती चार दिवस तशीच राहिली. रंग थोडा ओला असतानाच टेप काढायची असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ओढताच कडेचा रंग ढलप्यांनी निघाला. तीन चौकटी नंतर बारीक ब्रशने सुधारल्या. चौथी अजून तशीच आहे, पण तिच्यापुढे कपाट आहे.