घरी ससेपालन: टिनाच्या शेडात तीन मजली पिंजरे चालतील का?

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, ३ एकर कापूस-तूर. गोठ्याला लागून १० बाय १२ फुटाची जागा पडून आहे, वर जुने टिन आहेत, मागच्या साली बकऱ्या विकल्या तेव्हापासून त्यात नुसता पसारा. मटणासाठी ससे पाळायचं डोक्यात आहे. १० माद्या २ नर घेतो म्हणतो. प्लॅन असा की चारी बाजूनं विटांची भिंत पार टिनापर्यंत न्यायची म्हणजे कुत्रे-मांजरं येणार नाहीत, न आत तीन मजली पिंजरे, जागा वाचते. जाळीवाला म्हणते १ बाय १ इंच घ्या, सगळीकडं तेच चालते. बजेट २५ हजार, वेल्डिंग गावातच होते. व्हिडिओ पाहिले पण ते सगळे केरळ-तामिळनाडूकडचे, तिकडं नारळाची सावली, आपल्याकडं मे महिन्यात काय होते ते तुम्हाले माहीतच आहे. कोणी आपल्या भागात केलं असन तं सांगा जी.

निंबाखालचा
भाऊ, ससा थंडीले घाबरत नाही, उन्हानं मरते. त्यामुळे शेड बांधताना फक्त मे महिना डोळ्यासमोर ठेवा, बाकीचे अकरा महिने आपोआप निघतात.

तुमचा प्लॅन म्हणजे भट्टी आहे, राग मानू नका, मीही तेच केलं होतं. वर्धेजवळ गाव माझं. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी ७ गेले. सकाळी चारा टाकला तेव्हा एकदम ठीक, दोन वाजता गेलो तं मोठा नर पिंजऱ्यात लांब पसरलेला, नाकापासून गळ्यापर्यंत ओला, तोंड उघडं. सशाले घाम येत नाही, गरमी बाहेर टाकायले त्याच्याकडं कान आहेत न श्वास, बस. तोंड उघडून धापा टाकायले लागला म्हणजे वेळ हातची गेली समजा. अशा वेळी बादलीत बुडवू नका, धक्क्यानं जाते, ओल्या फडक्यानं कान पुसत राहा न सावलीत हवेवर ठेवा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. ३० डिग्रीच्या वर बरेच दिवस राहिलं की नर कमजोर होते, वरून तगडा दिसते पण माद्या उलटत राहतात, म्हणजे गाभणच राहत नाहीत, न आपण शिव्या मादीले देतो. गरमी उतरल्यावर नर लाइनीवर यायले दीड-दोन महिने लागतात. म्हणून मी एप्रिल ते जून लावतच नाही, नर फक्त जिवंत ठेवतो.

आता शेड. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन पिंजऱ्यावर येत नाही. भिंत अडीच फूट पुरे, त्याच्यावर आढ्यापर्यंत जाळी, हवा आरपार गेली पाहिजे. उन्हाळ्यात जाळीबाहेरून तुराट्यांचे कुड नाहीतर बारदाना लावा, बारदान्यावर दुपारी दोन-तीनदा पाणी मारा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत हे कूलरसारखंच काम करते, लाइन गेली तरी चालू राहते. पाऊस लागला की मात्र सगळं काढून टाका, दमट हवेत ओला बारदाना म्हणजे नुसता उबारा. निंब असन बाजूले तं शेड त्याच्याखालीच सरकवा, टिनाची जागा गेली खड्ड्यात.

कवेलूचं घर
मी अकोटकडची. गरमीचं दादांनी सांगितलंच, मी जाळीचं सांगते कारण तिथंच माझे पैसे दोनदा गेले.

जाळीवाल्याचं ऐकू नका. १ बाय १ खाली टाकली की पाय अडकतात, ससा झटका मारते न पाय मोडते. तळाले १ बाय अर्धा इंचाची, १४ गेज, गॅल्वनाइज्ड वेल्डजाळी घ्या. लेंड्या खाली पडतात, पाय अडकत नाही. बाजूले न वरती १ बाय १ चालते, पण मादीच्या पिंजऱ्यात खालचे चार इंच बाजूलेही बारीकच लावा. मी नव्हती लावली. मादी पाजता पाजता पेटीतून एकदम उडी मारते, एखादं पिल्लू आचळाले लटकून बाहेर येते न बाजूच्या भोकातून खाली. सकाळी गेली तं मांसाच्या गोळ्यासारखं पिल्लू जमिनीवर न त्याच्यावर मुंगळे. तेव्हापासून पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या डब्यात ठेवते, पाण्यावर थोडं जळकं ऑइल.

मादीले अडीच बाय दोन फूट, उंची दीड फूट. नराले दोन बाय दोन. एका पिंजऱ्यात एकच, दोन नर तं चुकूनही नाही, एकमेकांले खच्ची करून टाकतात. आत एक फळीचा तुकडा टाका बसायले, नुसत्या तारेवर बसून टाचेले जखमा होतात. फळी ओली झाली की वाळवायची, हे रोजचं काम.

तीन मजले नको. वरचा टिनाच्या जवळ भाजते, खालच्यावर वरच्याचं मूत. दोनच करा, मध्ये उताराचा पत्रा, खालचा मजला जमिनीपासून अडीच फूट. बंद खोलीत मुताचा वास डोळ्यांत झोंबायले लागला की सशाची छाती भरलीच समजा. तुम्ही वाकून सशाच्या नाकाच्या उंचीवर वास घ्या, उभ्यानं कळत नाही.

विण्याची पेटी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गाभण ३०-३१ दिवस, २८ व्या दिवशी पेटी ठेवायची. आत तणीस टाका, कुटार नको, धूळ लय असते. वरचा थर मादी स्वतःच्या छातीची लव उपटून करते. आणि घाबरू नका, ती दिवसातून एकदाच जाते पाजायले, तेही तीन-चार मिनिटं. मी पहिल्या वेळी बाटलीनं दूध पाजत बसली होती, मूर्खासारखी.

खाटेवरचा बावा
पोरा, जाई-बिई ठीक हाये पन खाईन कोन ते पाह्यलं का? १० माद्या म्हणजे सहा मयन्यात पिल्लायचा ढीग. आमच्या इकडं एक जन आला होता, ससे आमच्याकडून घ्या, पिल्लं आम्हीच वापस घेऊ, कागद करून देतो. पयले दोन खेप नेले, मंग फोन बंद. २ माद्या एक नर घे, एक उन्हाया काढ, मंग बोल.

न कोनी रानातला ससा आनून देतो म्हनन तं हात नको लावू. त्याची जातच वेगळी, याच्यासंग जमत नाही, वरून जंगली जनावरायच्या १९७२ च्या कायद्यात फारेस्टवाले उचलून नेतीन.

पऱ्हाटीवाला
बावाजी पटलं, २ माद्या १ नर. संध्याकाळी टेप घेऊन मोजलं, निंबाखाली ८ बाय १० बसते, फक्त आईचं तुळशीवृंदावन मध्ये येते म्हणून एका बाजूनं दीड फूट सोडतो. जुनेच टिन लावून वर पऱ्हाटी टाकली तं चालेल का, नवीन कवेलूचे पैसे नाहीत. न पाण्याचं, पाइपाले तोंड लावून पितात ती निप्पलची लाइन टाकू का?

निंबाखालचा
टिनावर फूटभर थर चालेल, पण पऱ्हाटी नको, बोंडअळीचे कोष असतात न वाळली की बारूद. तणीस टाका, चूल दूर ठेवा. निप्पल चांगलं, पण पाइप उन्हात असन तं दुपारी चहाचं पाणी येते न ससा तोंड लावत नाही. उन्हाळ्यात मातीची जड कुंडी ठेवा, हलकी असन तं पालथी करतात. फ्रिज असन तं रात्री प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून दुपारी एकेक पिंजऱ्यात आडवी ठेवा, अंग लावून झोपतात तिले. पिशवीत गोठवू नका, कुरतडतात.