तांबडा, पांढरा आणि वाइन: तुमचे अनुभव लिहा

वाइन ही नाशिक-पुण्याकडची चाल, कोल्हापूरच्या मटणापुढं तिचं काय चालणार, असं आपण म्हणत आलो. तरी अलीकडे पाव्हण्यांच्या पिशवीतून बाटली निघते आणि थेट रश्श्याच्या वाटीशेजारी येऊन बसते. लाल मांसाला रेड आणि माशाला व्हाइट हा युरोपातल्या जेवणाचा नियम. लवंगी मिरचीपुढं तो किती टिकतो, ते घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर चाखलेल्यांनी लिहा. बाटलीची किंमत सांगू नका, ताटात काय होतं ते सांगा. माझं मत आधीच देतो: तांबड्या रश्श्याबरोबर महागडी रेड म्हणजे पैसे पंचगंगेत.

राजारामपुरी
शंभर टक्के पटलं. आमचे दाजी मुंबईहून येताना कॅबर्ने सोव्हिन्यो ही रेड वाइन घेऊन आले. ताटात सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी. आबांनी तांबड्याचा भुरका मारला, वर वाइनचा घोट घेतला आणि म्हणाले, "ह्यात तुरटी घातलीय काय रं?" दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला! पण आबांची जीभ खोटं बोलत नव्हती. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेच्या ज्या चेताग्रांना पेटवतं, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं, त्यामुळं तिखट आणखी चढतं. त्यात रेडमधल्या टॅनिनचा तुरटपणा. मग वहिनींनी फ्रीजमधली शेनिन ब्लाँ ही व्हाइट काढली. थंडगार, किंचित गोडसर. तांबड्याची आग थोडी खाली आली, पण खरी गंमत पांढऱ्या रश्श्यात. नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, मटणाचं अळणी पाणी, असा तो जड, स्निग्ध प्रकार. व्हाइटच्या आंबटपणानं तोंड स्वच्छ होतं आणि पुढची वाटी मागावीशी वाटते. आबांनी ती वाइन संपवली नाही, पण नावही ठेवलं नाही. आमच्यात ही मोठीच पावती.

तासगावचा बागायतदार, बहीण कोल्हापुरात दिलेली
बहिणीकडं जेवायला बसलो की मेव्हणे हमखास विचारतात, "तुमच्या बागेतल्या द्राक्षाची वाइन का करत नाही?" अहो, आमची थॉमसन सीडलेस. खायची किंवा बेदाण्याची. पातळ सालीची, बिनबियांची. वाइनचं द्राक्ष बारीक मण्याचं, जाड सालीचं, बियांचं असतं. रेडचा रंग सालीतून येतो, तुरटपणा सालीतून आणि बियांतून. मुठीनं तोंडात टाकून खायला मजा नाही त्यात. एवढं सांगितल्यावर मेव्हणे ग्लास उजेडाकडं धरून बघतात. पुढच्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न.

शाहूपुरी, शाकाहारी घर
तुम्ही सगळे मटणावरच अडलाय. होळीला आमच्याकडं मैत्रिणी येतात. एकीनं सुला कंपनीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ आणली होती. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली, म्हणून गोड. पुरणपोळीला तूप सोडून तिच्यासोबत घेतली. आपल्याकडच्या गुळाचं पुरण गोडीला कमी नसतं, म्हणून वाइनही तितकीच गोड हवी. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन पुरणाशेजारी नुसती आंबट लागते, तेही करून बघितलंय. कटाच्या आमटीबरोबर मात्र काहीच जमलं नाही. सासूबाई सगळं बघून फक्त म्हणाल्या, "दूध घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्याला आमच्या कुणाकडंच उत्तर नव्हतं.

गंगावेश
मी घेत नाही, घरात कुणी घेत नाही. २०२२ ला सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हा आमच्या तालमीत त्यावर रात्ररात्र भांडणं झाली. मित्र जेवायला बोलावतात तेव्हा मी सोलकढी पितो, आणि शेवटी सगळ्यांना गाडीतून घरी सोडायचं काम माझ्याकडं. वरच्या सगळ्या चर्चेला माझं उत्तर एकच: कट्ट्यावरचं धारोष्ण दूध.

कागल
भावा, रेडला उगाच बदनाम करू नका. आमचा दोस्तांचा गट अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे द्राक्षमळे बघून आला. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या उन्हात इटलीची सांजोव्हेसे द्राक्षं पिकतात, हे बघूनच आम्ही गार. तिथून आणलेली बाटली रानात चुलीवरच्या मटणाबरोबर उघडली. रस्सा नव्हता, मिठात आणि हळदीत शिजवलेलं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटण, वर तुपात परतलेलं. लई भारी जमलं! म्हणजे वैर मटणाशी नाही, चटणीशी, म्हणजे लाल तिखट मसाल्याशी आहे. आणि दुसरं, बाटलीवर खोलीच्या तापमानाला प्या लिहिलं असलं तरी ती खोली थंड देशातली, सोळा ते अठरा अंशांची. आपल्याकडं एप्रिलात घरात तीसच्या वर पारा. गरम रेड नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग बोला. रानात फ्रीज नव्हता, बाटली विहिरीत सोडली होती.

ताराबाई पार्क
कागलकर, विहिरीचं पटलं. पण अळणी मटणावर जिंकून दाखवलंत, त्यात काय नवल? आमच्याकडं रविवारी भावकी जमते तेव्हा मधला मार्ग म्हणून रोझे, म्हणजे गुलाबी वाइन ठेवतो. रेडइतकी तुरट नाही, चांगली गार करता येते. खिमा, तळलेली सुरमई, पांढरा, सगळ्यांबरोबर निभावते. तांबड्यापुढं तीही पडली. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, तांबड्यात चटणी कमी घाला. काकींनी त्याला पुढच्या रविवारी चूल सांभाळायला बोलावलंय.