आजीसोबत बघायला सिनेमा सुचवा: मारधाड हवी, विनोद हवा आणि हिरो आजीच हवी

गोडोलीकर:
दिवाळीत आम्ही सगळे साताऱ्याला घरी जमतोय. आजी ८१ वर्षांची आहे. मारधाडीचे सिनेमे तिला मनापासून आवडतात, पण पडद्यावरची म्हातारी नुसती जपमाळ ओढत बसली की ती उठून आत जाते. नायिका खरोखरच वयस्कर हवी, तरुण नटीला पांढरा विग चढवलेला नको. भाषा कुठलीही चालेल, मी शेजारी बसून तिला मराठीत सांगेन.

कृष्णाकाठ_सांगली:
डोळे झाकून 'थेल्मा' लावा. २०२४ चा आहे, इंग्रजी. लॉस एंजेलिसमध्ये एकटी राहणारी ९३ वर्षांची आजी. नातवाच्या नावानं फोन येतो, अपघात झालाय, जेलमध्ये आहे, पैसे पाठव. ती घाबरून दहा हजार डॉलर पोस्टानं धाडते. नातू तर घरी सुखरूप! मग पैसे परत आणायला ती स्वतःच निघते, वृद्धाश्रमातल्या जुन्या मित्राच्या बॅटरीच्या स्कूटरवरून.

आजीची भूमिका करणाऱ्या जून स्क्विब या बाई १९२९ सालच्या. इतकी वर्षं काम करून सिनेमाभर मुख्य भूमिका त्यांना इथं पहिल्यांदा मिळाली, आणि स्टंटही बरेचसे त्यांनी स्वतः केलेत. मित्राच्या भूमिकेत रिचर्ड राउंडट्री आहेत, १९७१ च्या 'शाफ्ट'चे हिरो. सिनेमा लोकांसमोर यायच्या आधीच, २०२३ मध्ये ते गेले. हे माहीत असलं की त्या दोघांचे शांत बसून बोलण्याचे प्रसंग फार आत लागतात.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? यात गाड्या उडत नाहीत. जिना चढायचा, अडगळीतून पाय न अडखळता जायचं, कानातलं मशीन नीट लावायचं, एवढ्यावरच श्वास रोखला जातो. घरी म्हातारं माणूस असलं की बाथरूमच्या ओल्या फरशीचं आपल्याला जे भय वाटतं, तेच भय इथं ॲक्शन झालंय. आणि हसू येतं ते तिच्या हट्टाचं. तिच्या वयाची टिंगल कुठंही नाही.

मिरजेची_सून:
हिंदी हवा असेल तर 'सांड की आंख', २०१९. उत्तर प्रदेशातल्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर या दोघी जावांची खरी गोष्ट, साठीच्या आसपास नेमबाजी शिकून पदकं आणलेली. पण तापसी आणि भूमी ऐन तिशीतल्या, म्हणजे तुमची विगाची अट मोडते. आजींना भाषा थेट कळेल, म्हणून तरी सांगतेय.

कृष्णाकाठ_सांगली:
तोही चांगला आहे ताई, पण दुसऱ्या दिवशी लावा. आणि दादा, 'थेल्मा' संपला की आजींशी अशा फोनबद्दल जरूर बोला. नातवाचा म्हणून फोन आला तर ठेवून द्यायचा आणि नातवाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त. सिनेमातली आजी बावळट नाही, नातवावर जीव आहे म्हणून फसते. त्यामुळे हा विषय घरात न ओरडता निघतो.

गोडोलीकर:
ठरलं, 'थेल्मा'च. शेजारच्या काकूंनाही बोलावतो, त्यांना असाच फोन येऊन गेलाय. घरात पाचवी-सहावीतली पोरं पण आहेत, चालेल का?

कृष्णाकाठ_सांगली:
थोड्या शिव्या आहेत, एक पिस्तूलही आहे, रक्तपात नाही. आधी तुम्ही एकदा बघून घ्या. तसाही पावणेदोन तासांच्या आतच संपतो, मध्ये थांबवून मराठीत सांगायला भरपूर वेळ मिळेल.