मदत हवी आहे : दगडखाणीचे गढूळ पाणी ओढ्यात जाण्याआधी निवळावे कसे?

पुणे जिल्ह्यात आमचा दोन हेक्टरांचा खाणपट्टा आणि त्याला लागून खडी क्रशर आहे. पर्यावरण अनुमती व प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र दोन्ही आहेत. अटीप्रमाणे खाणीभोवती चर काढून ते पाणी गाळ बसण्यासाठी खणलेल्या तळ्यात सोडले आहे. परंतु यंदा जूनमधल्या पहिल्याच दणक्यात तळे भरून वाहिले आणि राखाडी पाणी थेट खालच्या ओढ्यात गेले. ओढ्याकाठच्या शेतकऱ्याने विहिरीत गाळ आल्याची तक्रार केली असून ती रास्त आहे, हे आधीच मान्य करतो.

हिशेब मांडल्यावर चूक लक्षात आली. एका हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ५०० घनमीटर पाणी, आणि आमचे तळे जेमतेम २४० घनमीटरांचे. शिवाय डोंगरउतारावरचे स्वच्छ पाणीही त्याच चरात उतरते. ते वरच्या बाजूनेच वळवायचे ठरवले आहे, मात्र नवा चर खाण आराखड्यात हद्दीलगत राखलेल्या साडेसात मीटरच्या पट्ट्यातून न्यावा लागेल. तेथे खोदकाम चालते का, की त्यासाठी आराखड्यात दुरुस्ती मंजूर करून घ्यावी लागते?

दुसरी अडचण अधिक चिवट आहे. ओसंडणाऱ्या पाण्याची एक बाटली भरून मी कार्यालयाच्या खिडकीत ठेवली होती. तळाशी बोटभर भुकटी तासाभरात बसली, पण वरचे पाणी तिसऱ्या दिवशीही ताकासारखे पांढरट होते. ०.०५ मिलिमीटरचा कण एक मीटर खाली बसायला सात-आठ मिनिटे घेतो, तर ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला स्थिर पाण्यातही तीन दिवस लागतात. त्यामुळे तळे नुसते मोठे करून भागेल असे वाटत नाही. जाड भुकटीसाठी आधी एक छोटा, जेसीबीने उपसता येईल असा कप्पा, मग दगडी बांध आणि त्यापुढे मोठे तळे, असा विचार आहे. शेवटच्या तळ्यात तुरटी फिरवण्याचा सल्ला एकाने दिला. पण तुरटीने पाण्याची आम्लता वाढते आणि खाली लोक गुरांना पाणी पाजतात, म्हणून धीर होत नाही. कोणी प्रत्यक्ष वापरली असल्यास मात्रा कशी ठरवली आणि बसलेला गाळ कोठे टाकला, हे कृपया सांगावे.

ओढ्यात सोडायच्या पाण्यात तरंगत्या घनकणांची मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम आहे. आमचा नमुना ३४० चा आला, तोही पाऊस थांबल्यावर चार तासांनी घेतलेला. नमुना नेमका केव्हा आणि कोठून घ्यावा? सहामाही अनुपालन अहवाल १ डिसेंबरला द्यायचा आहे आणि त्यात हा आकडा मी लपवणार नाही. त्यासोबत सुधारणेचे नकाशे व छायाचित्रे जोडलेली चालतात का, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.