मदत हवी आहे: बाळंतपणाच्या वेळी पतीला लेबर रूममध्ये थांबता येते का?

मुक्काम_पुणे
नमस्कार. पत्नीचे दिवस भरत आले आहेत आणि कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत मला तिच्याजवळ थांबायचे आहे. तिचीही तीच इच्छा आहे. दवाखान्यात विचारले तेव्हा काउंटरवरच्या सिस्टरांनी ‘आमच्याकडे पुरुषांना आत सोडत नाहीत’ एवढ्या एका वाक्यात विषय संपवला. परवानगी कशी मिळवावी आणि मिळाली तर आत नेमके काय करावे, या दोनच प्रश्नांची उत्तरे मला हवी आहेत. ज्यांनी स्वतः हे अनुभवले आहे त्यांनीच लिहावे, ही विनंती. वेळ फार कमी आहे.

घाटमाथा
एवढी काळजी करण्याचे कारण नाही. पुण्यातल्या बऱ्याच खासगी प्रसूतिगृहांत आता पतीला आत थांबू देतात. काही ठिकाणी कळा, प्रसूती आणि नंतरची विश्रांती हे सगळे एकाच स्वतंत्र खोलीत होते, त्यामुळे इतर स्त्रियांना अवघडल्यासारखे होण्याचा प्रश्न उरत नाही. आम्ही नवव्या महिन्यात दवाखाना बदलला होता. काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा फाइल उचला आणि दुसरीकडे नाव नोंदवा.

शेवंती
दवाखाना बदलण्याआधी थोडी माहिती द्यावी. मी बरीच वर्षे सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात परिचारिका होते, म्हणून विचारते. कितवा आठवडा चालू आहे? हे पहिलेच बाळंतपण आहे का? पत्नीचा आणि तुमचा रक्तगट कोणता? रक्तदाब किंवा साखर यांची काही तक्रार आहे का? शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचे डोके खाली आहे, असे लिहिले आहे का?

मुक्काम_पुणे
रक्तगटाचा आत थांबण्याशी काय संबंध आहे, ते समजले नाही. तब्येत उत्तम आहे, डोके खाली आहे, पहिलेच बाळ आहे आणि सदतिसावा आठवडा संपत आला आहे. घाटमाथा, दवाखाना बदलणे शक्य नाही, कारण पत्नी बाळंतपणासाठी माहेरी बार्शीला आहे. मी नोकरीमुळे पुण्यात असतो आणि सुट्टीच्या दिवशी जाऊन येतो.

वाटसरू
बार्शी हे पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवे होते. पुण्याहून ते अंतर २०० किलोमीटरच्या पुढे आहे, त्यामुळे आधी दारापर्यंत कसे पोहोचायचे ते ठरवा. माझी सासुरवाडी त्याच भागातली आहे, म्हणून आग्रहाने सांगतो, की रात्री फोन आला तर स्वतः गाडी चालवत निघू नका. टेंभुर्णीपर्यंत महामार्ग आहे, पण तिथून कुर्डुवाडीमार्गे बार्शीकडे वळलात की सध्या कारखान्यांचा हंगाम असल्याने उसाचे ट्रॅक्टर लागतात. एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या असतात, मागच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा दिवा नसतो आणि अंधारात बाहेर आलेली मोळी अगदी जवळ गेल्यावरच दिसते. जीव टांगणीला लागलेल्या माणसाने त्या रस्त्यावर वेग वाढवू नये. सोलापूरकडे जाणारी रात्रीची रेल्वे पकडून कुर्डुवाडीला उतरावे आणि पुढच्या सुमारे ३५ किलोमीटरसाठी मेहुण्यांना किंवा ओळखीच्या गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेवावे. पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत अनेकदा १२ तासांहून अधिक वेळ जातो, त्यामुळे फोन आल्याबरोबर निघालात तर बहुधा वेळेत पोहोचाल.

तुळशीवृंदावन
माझे मत कदाचित आवडणार नाही, पण लिहिते. कळा देताना बाईला अंगावरच्या कपड्यांचे भान राहत नाही. नवऱ्यासमोर ती संकोचते आणि मोकळेपणाने ओरडतसुद्धा नाही. त्या वेळी तिला आई, मावशी किंवा जाणती बाई जवळ हवी असते. तुम्ही बाहेर थांबा आणि बाळंतविड्याची तयारी करा. अळीव, डिंक आणि बाळंतशोपा आणून ठेवा. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी कडक उन्हात वाळवून ठेवा, कारण नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते.

उत्तरध्रुव
तुळशीवृंदावन, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण इथे पत्नीचीच इच्छा आहे, असे त्यांनी पहिल्या ओळीत लिहिले आहे. मी स्वीडनमध्ये राहतो. इथे वडील आत असणे इतके सर्वमान्य आहे, की मला कोणी परवानगी विचारायलाही लावली नाही. आई-वडिलांना मिळून ४८० दिवसांची पालकत्व रजा असते आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव असतात, ते दुसऱ्याला देता येत नाहीत.

आत काय करायचे, ते सांगतो. कळ चढू लागली की बोलणे थांबवावे, कारण त्या वेळी तिला एकही शब्द सहन होत नाही. ती कुशीवर असेल तर माकडहाडाच्या वर, मनगटालगतच्या तळव्याने, कळ ओसरेपर्यंत एकसारखा दाब द्यावा. चोळू नये, नुसते दाबून धरावे. किती जोर हवा ते ती सांगेल आणि तो आपल्याला वाटतो त्याच्या दुप्पट असतो. दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी द्यावे, पण ते चालेल का हे आधी डॉक्टरांना विचारावे. ‘धीर धर, झालेच आता’ असे म्हणू नये, कारण ते झालेले नसते आणि तिला ते कळत असते. बाळ बाहेर आले तेव्हा त्याचे डोके लांबुळके होते, अंगावर लोण्यासारखा पांढरा थर होता आणि हातापायांचे तळवे निळसर होते. मी प्रचंड घाबरलो. सुईणीने शांतपणे सांगितले, की छाती आणि ओठ गुलाबी आहेत ना, मग तळव्यांचा रंग थोड्या वेळाने येतो.

घाटमाथा
परवानगीसाठी नियमच दाखवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये प्रसूतीच्या वेळी सोबतीला माणूस ठेवण्यास मान्यता दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही स्त्रीने स्वतः निवडलेली व्यक्ती सोबत असावी, असे स्पष्ट म्हटले आहे.

शेवंती
ती मान्यता सरकारी रुग्णालयांसाठी आहे आणि तिच्यात मुख्यतः प्रसूतीचा अनुभव असलेली स्त्री सोबतीला असावी, असे अभिप्रेत आहे. खासगी दवाखान्यात तो कागद पुढे केला तर डॉक्टर केवळ दुखावतील. लहान गावच्या दवाखान्यात एकाच लेबर रूममध्ये शेजारी-शेजारी दोन टेबले असतात आणि मध्ये फक्त पडदा असतो. दुसऱ्या टेबलावरच्या बाईचा विचार सिस्टरांना करावाच लागतो. काउंटरवर विचारून उपयोग नाही. पुढच्या तपासणीला दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर बसावे, पत्नीने स्वतः विचारावे आणि ‘दुसरी पेशंट आली किंवा तुम्ही सांगितले, की लगेच बाहेर जाईन’ हे तुम्ही आपणहून सांगावे.

रक्तगटाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

नक्षत्र
सगळ्यांनी विषय अवघड करून ठेवला आहे. डॉक्टरांशी बोलून चांगला मुहूर्त पाहून सिझर ठरवून घ्यावे. तुम्हाला रजा आधी टाकता येईल, रात्रीचा प्रवास टळेल आणि बाळाची जन्मवेळही उत्तम साधेल. आमच्या घरी दोन्ही वेळा असेच केले.

शेवंती
वैद्यकीय कारण नसताना केवळ सोयीसाठी किंवा मुहूर्तासाठी पोट उघडू नये. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी ठरवून सिझर केले तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. अशी बाळे काचेच्या पेटीत ठेवावी लागलेली मी पाहिली आहेत आणि त्यांच्या वडिलांचे चेहरेही पाहिले आहेत.

हिशेबनीस
आरोग्य विमा असेल तर प्रसूतीसाठीचा प्रतीक्षा काळ पूर्ण झाला आहे का, ते तपासा. नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे की ९० दिवसांनंतर, हेही पॉलिसीत पाहा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी नोकरीत मात्र असा कायदा नाही, कंपनी देईल तीच रजा.

मुक्काम_पुणे
विम्याबद्दल मी काहीच विचारलेले नव्हते, तरी आभार. माझी कंपनी एक आठवडा रजा देते आणि ती मी बाळ झाल्यावरच घेणार आहे. शेवंतीताई, फाइलचे फोटो मागवून पाहिले. पत्नीचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे आणि माझा ओ पॉझिटिव्ह. सातव्या महिन्यात कसलेसे इंजेक्शन दिल्याची नोंद आहे. आम्हाला कोणी वेगळे काही सांगितले नव्हते.

शेवंती
म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारत होते. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असू शकते. प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळले, तर आईचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. या बाळाला सहसा त्याचा त्रास होत नाही, पण पुढच्या वेळी तीच प्रतिद्रव्ये पोटातल्या बाळाच्या रक्तपेशी नष्ट करू शकतात. ते टाळण्यासाठी अँटी-डी इंजेक्शन असते. सातव्या महिन्यातले बहुधा तेच असावे, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा द्यावे लागते.

हे काम वडिलांनी अंगावर घ्यावे. इंजेक्शन दवाखान्यात आहे की बाहेरून आणायचे, ते आजच विचारा. ते फ्रिजमध्येच ठेवावे लागते आणि प्रत्येक औषध दुकानात मिळेलच असे नाही. बी निगेटिव्ह रक्त जवळच्या कोणत्या रक्तपेढीत मिळू शकेल, हेही विचारून ठेवा. नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट तपासायला सांगा. पाणी गेले तर वेळ आणि रंग लिहून ठेवायला सासूबाईंना सांगा. पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची किंवा तुमची वाट न पाहता त्यांनी लगेच दवाखाना गाठावा.

तुळशीवृंदावन
आमच्या वेळी हे कोणी समजावून सांगत नसे. माझ्या जावेचे दुसरे बाळ जन्मतःच कावीळ होऊन गेले आणि घरात सगळ्यांनी तिलाच बोल लावला. शेवंती, आपण लिहिलेत ते फार चांगले केलेत. मुक्काम_पुणे, बाहेर थांबा असे मी म्हणाले होते, पण तिला तुम्ही हवे असाल तर आत जा.

मुक्काम_पुणे
सर्वांना कळवायला आनंद होतो, की आम्हाला मुलगी झाली. दोघीही सुखरूप आहेत. वजन २ किलो ८५० ग्रॅम आहे.

पत्नीने डॉक्टरांना स्वतः विचारले, तेव्हा त्यांनी ‘खोली रिकामी असेल तोवर थांबा’ असे सांगितले. मी रेल्वेने कुर्डुवाडीला उतरून पहाटे पोहोचलो. सकाळभर मी तिच्याजवळ होतो. कंबरेवर दाब देण्याचा इतका उपयोग झाला, की मी हात काढला की ती डोळे न उघडता माझे मनगट ओढून पुन्हा जागेवर ठेवत असे. मध्यंतरी दुसरी पेशंट आली तेव्हा मी लगेच बाहेर गेलो आणि सासूबाई आत बसल्या. दुपारी बाळाचे ठोके कळेबरोबर उतरू लागले आणि डॉक्टरांनी सिझरचा निर्णय घेतला. संमतीपत्रावर आधी तिने स्वतः सही केली, मग माझी घेतली. ऑपरेशन थिएटरमध्ये मला प्रवेश नव्हता आणि त्या वेळी मी तो मागितलाही नाही.

बालरोगतज्ज्ञांनी बाळ माझ्याकडे दिले तेव्हा तळवे निळसर होते. उत्तरध्रुव यांनी आधी लिहिलेले नसते तर माझे पाय गळाले असते. मी ओठ पाहिले, ते गुलाबी होते. बाळाचा गट बी पॉझिटिव्ह निघाला. इंजेक्शन बार्शीत मिळाले नाही, पण तपासणीच्या दिवशीच सांगून ठेवल्यामुळे औषध दुकानदाराने सोलापूरहून बर्फाच्या डब्यात आणून ठेवले होते. ते संध्याकाळी दिले.

आता दोन प्रश्न आहेत. घरातली मोठी माणसे बाळाला मध चाटवा म्हणत आहेत. जन्माची नोंद पुण्यात करायची की इथे? नाव अजून ठरलेले नाही.

तुळशीवृंदावन
मुलीला अनेक आशीर्वाद. पाचवीची पूजा करा, पण मध नको. आमच्या डॉक्टरांनी नातवाच्या वेळी स्पष्ट मनाई केली होती.

शेवंती
मनःपूर्वक अभिनंदन. एक वर्षापर्यंत मध अजिबात देऊ नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. गुटी आणि साखरेचे पाणीही नको. पहिले घट्ट चिकाचे दूध कोणी पिळून टाकायला सांगितले तर ऐकू नये. सिझरमुळे तिला उठून बसणे जड जाईल, तेव्हा प्रत्येक वेळी बाळ उचलून छातीशी नेऊन देणे आणि नंतर ढेकर काढणे हे तुमच्याकडे घ्या. बीसीजी म्हणजे क्षयरोगाची लस, पोलिओचा जन्मतः देतात तो ‘शून्य डोस’ आणि कावीळ ब ची लस दिल्याची नोंद कार्डावर पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोळे आणि अंग पिवळे दिसते का, ते खिडकीच्या उजेडात रोज पाहा आणि पिवळेपणा पोटाच्या खाली उतरला तर त्याच दिवशी दाखवा.

हिशेबनीस
नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणजे बार्शी नगरपरिषदेत, आणि ती २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. खासगी दवाखाना माहिती पाठवतो, पण आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, ते अर्ज जाण्याआधी स्वतः तपासा, कारण नंतरच्या दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. नावाचा रकाना सध्या रिकामा ठेवला तरी चालतो. ते वर्षभरात विनाशुल्क नोंदवता येते.