व्हाइटफ्रायर्सची नारिंगी फुलदाणी: खरी की नक्कल?

हॅरोकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या हॅरोतल्या वील्डस्टोनच्या एका चॅरिटी शॉपमध्ये नारिंगी काचेची फुलदाणी दिसली. बाहेरून झाडाच्या सालीसारखी खरबरीत, हाताला चांगली जड. तळाला नाव नाही, शिक्का नाही, लेबलही नाही. काउंटरवरच्या आजी म्हणाल्या, "व्हाइटफ्रायर्स कारखान्याची काच आहे, इथलीच." किंमत २५ पौंड. शनिवारपर्यंत बाजूला ठेवायला त्या तयार झाल्या आहेत. मला काचेतलं ओ की ठो कळत नाही, पण ती काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाहीये. नवऱ्याच्या मते एवढ्या पैशांत आठवड्याची भाजी येते. खरी कशी ओळखायची? शिवाय आतून जराशी धुरकट आहे, ते निघतं का?

लेस्टरवाले_भाऊ:
ताई, डोळे झाकून घ्या! व्हाइटफ्रायर्स लिलावात हजार-हजार पौंडांना जाते. मग ऑनलाइन विका, भाजीच काय, फ्रीज येईल.

काचेचा_नाद:
भाऊ, लोकांना असं चढवू नका. हजाराच्या घरात जातात त्या व्हाइटफ्रायर्सच्याच ड्रंकन ब्रिकलेअर आणि बँजो नावाच्या फुलदाण्या, त्याही मोठ्या आकारातल्या आणि दुर्मिळ रंगातल्या. सालीची फुलदाणी ढिगांनी निघाली होती, आजही बूट सेलमध्ये भेटते.

ताई, आजी बरोबर बोलल्या. हा कारखाना मुळात लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ. १८३४ साली जेम्स पॉवेलने तो विकत घेतला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या पॉवेल घराण्याने चालवला. १९२३ मध्ये तो तुमच्या वील्डस्टोनला ट्यूडर रोडवर आला. येताना जुन्या भट्टीचा विस्तव शेगडीत घालून आणला आणि नव्या भट्टीत ठेवला, असं सांगतात. १९८० मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे तुमची फुलदाणी जन्मली त्याच गावात विकायला बसली आहे. तुमच्याकडच्या घरांमधून या वस्तू अजून बाहेर पडतात. आम्हा मिडलंड्सवाल्यांना त्याचा हेवा वाटतो.

जेफ्री बॅक्स्टर हा डिझायनर १९५४ मध्ये इथे लागला. १९६६ च्या सुमारास त्याने खऱ्या झाडाच्या साली, खिळे, तारा असलं काय काय साच्यात लावून प्रयोग केले, आणि १९६७ मध्ये ही खरबरीत काच बाजारात आली. सुरुवातीचे रंग दबके होते: सिनॅमन, विलो, इंडिगो. भडक टँजरिन आणि किंगफिशर निळा १९६९ मध्ये आले. तुमची टँजरिन असणार. माझं मत विचाराल तर विलो जास्त सुंदर, पण ती उन्हात धरल्याशिवाय कळत नाही आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली राखेसारखी दिसते, त्यामुळे लोक टाकून पुढे जातात.

आता पारख. शिक्का नाही म्हणून घाबरू नका. कारखाना कागदी लेबल चिकटवायचा, पांढऱ्या साधूचं चित्र असलेलं, आणि ते पहिल्या धुण्यातच जायचं. शिक्का शोधू नका, काच वाचा. फुलदाणी आडवी धरून काठाकडून आणि तळाकडून बघा. रंगीत काच आत आणि तिच्यावर बिनरंगाच्या काचेचा जाड थर दिसला पाहिजे. तळाशी तर रंगाचा पेला स्वच्छ काचेत बुडवून ठेवलाय असं वाटतं. रंग सगळीकडे सपाट, एकसारखा असेल तर मी ती खाली ठेवून देईन. सालीच्या उभ्या रेषा बोटाला लागायला हव्यात. साचा झिजला की त्या बोथट होत जातात, म्हणून बोथट असली तर लगेच नकली म्हणू नका. तळ घासून सपाट केलेला असतो. तिथल्या बारीक चरांकडे भिंग लावून बघा. पन्नास वर्षं टेबलावर सरकलेल्या काचेवरचे चरे सगळ्या दिशांना जातात. सँडपेपरने 'जुनं' केलेल्या काचेवर ते एकाच दिशेने जातात. नकला जास्त करून ब्रिकलेअर आणि बँजोच्या होतात. सालीच्या फुलदाणीसाठी एवढा उद्योग सहसा कोणी करत नाही, ही तुमची जमेची बाजू.

आणखी एक गोंधळ फिनलंडचा. तिथल्या इट्टाला कंपनीच्या टिमो सार्पानेव्हा या डिझायनरने १९६४ मध्येच जळक्या लाकडाच्या साच्यातून अशी खडबडीत काच काढली होती. पण ती बहुतेक बिनरंगी असते, आणि तळाला अनेकदा सही कोरलेली दिसते.

उंची मोजून सांगा. सालीच्या फुलदाणीचे तीनच आकार: साधारण १५, १९ आणि २३ सेंटिमीटर.

धुरकटपणाचं थोडं वेगळं आहे. लंडनचं पाणी जड, त्याचा क्षार बसला असेल तर व्हिनेगर किंवा लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, निघेल. पण पाणी महिनोन् महिने साठून काचच खाल्ली गेली असेल, तर घरच्या उपायांनी काही होणार नाही. दुकानात बघताना ती आतून अगदी कोरडी करून बघा. काही हुशार विक्रेते आतून तेलाचं बोट फिरवतात, मग दोन्ही प्रकारची धुरकट काच आरशासारखी दिसते. डिशवॉशरमध्ये मात्र कधीच घालू नका.

डंडीचा_पाव्हणा:
नादभाऊंचं सगळं मान्य, पण साच्यातल्या काचेपायी एवढा जीव? आमच्या स्कॉटलंडातल्या पर्थची मोनार्ट काच बघा. बार्सिलोनाहून आलेला साल्व्हादोर इसार्त १९२४ पासून मॉनक्रीफच्या कारखान्यात ही काच करायचा. तापलेला गोळा रंगीत काचेच्या चुऱ्यावर लोळवायचा, वर पुन्हा साधी काच. दोन नग एकसारखे सापडणार नाहीत.

काचेचा_नाद:
पाव्हणे, मोनार्ट आवडतेच. पण ताईंच्या समोर २५ पौंडांची फुलदाणी आहे, इसार्त नाही. आणि तुमच्या भागात वासार्टला मोनार्ट म्हणून खपवणारे किती आहेत तेही लिहा की! दोन्ही त्याच घराण्यातल्या, पण वासार्ट युद्धानंतरची आणि रंगाला बरीच फिकी.

हॅरोकरीण:
आज पुन्हा जाऊन आले. १९ सेंटिमीटर भरली. काठावरून बघितलं तर खरंच बाहेर बिनरंगाचा थर आहे, तळाला जाड. चरे सगळीकडे वेडेवाकडे. आजींनी फडक्याने आतून पुसून दिली, तरी पांढरी कड एका रेषेत, पाण्याच्या पातळीसारखी. नखाने खरवडलं तर थोडी निघाली.

काचेचा_नाद:
नखाला निघाली म्हणजे क्षार आहे. घ्या. कारखान्याच्या जुन्या यादीत ९६९० नंबर, मधला आकार. काठाला टवका उडालेला नाही ना, ते बोट फिरवून बघा. नसेल तर २५ रास्त आहेत. मी तिशीपर्यंत गेलो असतो, त्यापुढे नाही. आणि रविवारी वेळ काढून हेडस्टोन मॅनरच्या संग्रहालयात जा. हॅरोतच आहे, तिथे व्हाइटफ्रायर्सची काच मांडली आहे. फोटोवरून रंग कळत नाहीत. विलो आणि सिनॅमन तिथे डोळ्यात भरून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात राखाडी म्हणून टाकून येणार नाही.

लेस्टरवाले_भाऊ:
म्हणजे फ्रीज नाही?

काचेचा_नाद:
नाही. लिंबूफूल घ्या फार तर.